सुंदरबाईच्या नावाचा मांडा

लग्नाच्या मांडवामागे सहसा कुणी पाहुणा जात नाही. तिथे धूर असतो, उष्टी पातेली असतात, ओल्या गोणपाटावर ठेवलेली पाण्याची पिंपं असतात. दिपमाला मात्र जरीच्या साडीचा पदर कमरेला खोचून थेट तिकडेच निघाली होती आणि तिच्या हातात अर्धा खाल्लेला मांडा होता.

जळगावात तिच्या मैत्रिणीचं, भूमिकाचं लग्न होतं. मार्गशीर्षातली दुपार. ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं. पंगतीत वाढलेला मांडा दिपमालाने उजेडापुढे धरला तर पलीकडून तूप वाढत येणारी बाई त्यातून चक्क दिसली. आत पुरण होतं, तरीही. सिंगापूरच्या हॉटेलात तीन वर्षं तिने जपानी आणि थाई लोकांच्या हाताखाली गोड पदार्थ केले होते, त्याआधी पुण्यात चार वर्षं. इतका पातळ आणि इतका न फाटलेला थर तिने कुठेच पाहिला नव्हता.

पंगतीच्या टोकाशी हिरव्या काठाच्या लुगड्यातली एक साठीची बाई चुलीपुढे बसली होती. समोर उलटं घातलेलं मातीचं खापर. बाई हातावर मांडा झुलवायची, खापरावर टाकायची, लोक बघत राहायचे. पाचोऱ्याच्या सुंदरबाई. खानदेशात लग्न असलं की तारीख ठरायच्या आधी त्यांना विचारतात, असं भूमिकाच्या आईने अभिमानाने सांगितलं होतं.

पण दिपमालाच्या नजरेला एक गोष्ट खटकली. बाईंचा एक मांडा भाजून होईपर्यंत परातीत तीन येऊन पडत होते.

उरलेले दोन कुठून येत होते?

म्हणून ती मागे गेली आणि तिने पडदा बाजूला केला.

तिथे दुसरं खापर होतं आणि त्याच्यापुढे एक तरुण. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, खिशाला पेन, पँटच्या घड्या गुडघ्यापर्यंत. त्याच्या दोन्ही हातांवरून पिठाचा एक मोठा, पांढरा, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा लहरत होता. मनगटावरून कोपराकडे… कोपरावरून परत मनगटाकडे. पाण्यासारखा.

त्याने मान वर केली. दिपमाला दिसली. आणि मांडा मधोमध फाटला.

"इकडे पाहुण्यांना यायचं नसतं," तो म्हणाला.

"मी गोडाच्याच कामातली आहे."

"मग तर मुळीच यायचं नसतं." त्याने फाटलेला मांडा गोळा करून बाजूला ठेवला. "चार वर्षांत पहिला फाटला."

"माझ्यामुळे?"

"दुसरं कोण आहे इथे?"

दिपमालाला हसू आलं. ते लपवायला तिने खापराकडे पाहिलं. "म्हणजे यातले निम्म्याहून जास्त मांडे तुमचे. बाहेर सगळे बाईंना नावाजतायत."

"नावाजू देत. ती माझी आई आहे. तिचेच आहेत ते." त्याने नवा उंडा घेतला, पण झुलवला नाही. तिच्याकडे सरळ पाहत म्हणाला, "तुम्ही काही पाहिलं नाही… बरं का?"

"नाव सांगा, मग नाही पाहिलं."

"भूपेंद्र. धुळ्याला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत असतो. शेतातली माती घेऊन या, तिच्यात काय कमी आहे ते सांगतो." मग जरा थांबून, "मांड्यांचं मात्र विचारायला येऊ नका."

दिपमाला पडदा सोडून बाहेर आली. हात धुताना तिला कळलं की उरलेला अर्धा मांडा आपण कधी खाल्ला ते आपल्यालाच ठाऊक नाही.

*

दिपमाला दीपनगरची. भुसावळजवळच्या त्या वीजकेंद्राच्या वसाहतीत तिचं बालपण गेलं, तिचे वडील रुपचंदनाना अजून तिथेच नोकरीला होते. सिंगापूरचा करार संपल्यावर दुसरा मिळत असताना ती परत आली. दुसऱ्यांच्या पाककृती दुसऱ्यांच्या ताटल्यांत आणखी किती वर्षं मांडायच्या, असं तिला झालं होतं.

तिचं दुकान नव्हतं. महिन्यातून एका रविवारी ती कुणाची तरी जागा एका दिवसापुरती घ्यायची. कधी जळगावातल्या कॅफेची गच्ची, कधी चाळीसगावची शाळा. साठ माणसांपुरते चार-पाच गोड पदार्थ करायची, ते संपले की पसारा आवरून घरी. शहरात याला पॉप-अप म्हणतात. तिने आपल्या पॉप-अपचं नाव ठेवलं होतं 'पाहुणी'. कारण दर वेळी लांबच्या देशातला एक पदार्थ खानदेशात पाहुणा यायचा आणि इथलं काहीतरी अंगावर घेऊन जायचा. कोरियातली गुळाची जाड पोळी ती आपल्या शेंगदाण्याच्या कुटाने भरायची. तांदळाच्या पिठाच्या मऊ जपानी गोळ्यांत जळगावातल्या मेहरूणच्या बोरांचा मुरंबा घालायची. चीनमध्येही बोरं गोडात घालतात हे सांगितलं की लोकांना फार गंमत वाटायची.

आणि आता तिच्या डोक्यात मांडा बसला होता. जपानमध्ये पातळ धिरड्यांच्या वीस थरांचा एक केक करतात. धिरड्यांऐवजी मांडे घेतले तर? मध्ये नारळाच्या दुधात घोटलेलं पुरण, त्याला पंदनच्या पानाचा वास…

पंदनवरून तिला सुचलं. दहाव्या दिवशी ती धुळ्याला प्रयोगशाळेत गेली आणि भूपेंद्रच्या टेबलावर मातीची पिशवी ठेवली.

त्याने मान वर केली, तिला ओळखलं आणि कानापर्यंत लाल झाला. "कुठल्या शेतातली?"

"दीपनगरच्या आमच्या कुंडीतली."

"कुंडीतली माती घेऊन कुणी दीपनगरहून धुळ्याला येत नाही."

"पंदन लावलंय त्यात. थायलंड-मलेशियात गोडाला त्याचा वास लावतात, आंबेमोहोर भातासारखा. माझं पिवळं पडतंय. तुम्हीच म्हणालात ना, काय कमी आहे ते सांगतो?"

त्याने खरंच तपासणी केली. मन लावून. दिपमाला बाकावर बसून त्याचे हात पाहत होती. परीक्षानळी धरतानाही ती बोटं पिठाला धरावं तशीच हलकी होती. तासाभराने तो कागद घेऊन आला.

"मातीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर आहे. चुनखडी जास्त. या झाडाला आपली काळी माती सोसत नाही. पालापाचोळ्याचं खत घाला, अर्धी माती बदला. लगेच टवटवीत होणार नाही… पण जगेल."

"तुम्ही बघायला याल?"

"झाड?"

"झाडच. दुसरं काय आहे तिथे?"

आता हसू लपवायची पाळी त्याची होती. मग तिने केकचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. पुरणाशिवायचा कोरा मांडा करायचा हे ऐकल्यावर मात्र त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पुरणाशिवाय मांडा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात."

"नवरदेव आहे. फक्त घोड्यावरून उतरून वरातीच्या मध्ये चालतोय," दिपमाला म्हणाली. "सव्वीस जानेवारीनंतरच्या रविवारी, इथेच धुळ्यात, देवपुरात. त्या दिवशी तुम्ही मांडे कराल? सगळ्यांसमोर?"

 टेबलावरची माती त्याने बोटाने एका रेषेत गोळा केली.

"नाही जमणार. आईने खापरापुढे बसून मला शिकवलं. शाळेत मला मांडेवालीचा म्हणायचे. मला कधी वाईट वाटलं नाही, तिला वाटायचं. मी सरकारी नोकरीत लागलो त्या दिवशी तिने गल्लीभर पेढे वाटले आणि सांगितलं, माझा पोरगा आता खापरापुढे बसणार नाही. तिची मनगटं गेली म्हणून हंगामात चार-दोन लग्नांत मी पडद्यामागे बसतो. तेवढंच तिने मान्य केलंय. पडदा काढायचा मला हक्क नाही."

दिपमालाला त्याचं म्हणणं पटलं नाही. पण ज्या तऱ्हेने त्याने ते सांगितलं, ती तिला फार आवडली.

"मग मला शिकवा," ती म्हणाली.

*

तो शिकवायला आला. शनिवार-रविवारी तो पाचोऱ्याला घरी असायचा. रविवारी सकाळच्या गाडीने भुसावळ, तिथून दीपनगर. घरी सांगायचा, भुसावळला काम आहे.

क्वार्टरच्या मागच्या अंगणात तीन विटा मांडून चूल केली होती. रुपचंदनाना खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे, म्हणजे वर्तमानपत्र उघडं धरून दोघांकडे बघायचे.

पहिल्या रविवारी दिपमालाने अकरा मांडे फाडले. बारावा तिच्या कोपराला गुंडाळून बसला.

"तुम्ही हाताने ओढताय," भूपेंद्र म्हणाला. "ओढायचं नसतं. त्याला त्याच्या वजनाने खाली जाऊ द्यायचं. तुम्ही फक्त… खाली हात असल्याची खात्री द्यायची."

"कुणाला?"

"मांड्याला."

"मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"काही नाही. पुढचा उंडा द्या."

तिच्या मनगटाचा कोन चुकत होता. त्याने दोन-तीनदा तोंडाने सांगितलं, मग संकोचत दोन बोटांनी तिचं मनगट जरासं वळवलं. एवढंच. नानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या तडतडल्या. दिपमालाच्या हातावरचा मांडा त्या वेळी न फाटता कोपरापर्यंत गेला, आणि तो कसा गेला हे तिला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही.

तिसऱ्या रविवारी शिकवणी नव्हती. जळगावला 'पाहुणी' होती. भूपेंद्र पाहुणा म्हणून आला, रांगेत उभा राहिला, बोरांचा जपानी गोळा तोंडात टाकून डोळे मिटून उभा राहिला. शेजारी सोन्याचं कडं घातलेले एक गृहस्थ दिपमालाला सल्ला देत होते.

"ताई, चव उत्तम आहे. पण हे मुंबईला करा. इथे कुणाला कळणार हे?"

"तुम्ही कुठले?" दिपमालाने शांतपणे विचारलं.

"मी इथलाच. जामनेरचा."

"तुम्ही तिसऱ्यांदा मागून घेतलंत, दादा. म्हणजे इथल्या माणसाला कळलं की." तिने त्यांच्या ताटलीत चौथा गोळा ठेवला. "मी मुंबईला जाऊन सांगणार, हे बोर मेहरूणचं. त्यापेक्षा मुंबईच्या माणसाने मेहरूणला यावं."

रांगेतले लोक हसले, कडेवाले गृहस्थही हसले. भूपेंद्र हसला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. ताठ उभी होती ती, ॲप्रनला बोराचा डाग, कपाळावर घामाने चिकटलेली बट. जाताना तो एवढंच म्हणाला, "तुम्हाला कशाला पडदा लागत नाही, नाही का?"

त्यात कौतुक होतं. आणि थोडं दुःखही होतं, ते तिला ऐकू आलं.

*

देवपूरच्या पॉप-अपला पंधरा दिवस राहिले तेव्हा दिपमाला एकटीच पाचोऱ्याला गेली.

तिला पत्रकावर लिहायचं होतं, 'सुंदरबाईंच्या हातचा मांडा, पाचोरा'. आणि ज्या बाईंची विद्या आपण वापरतोय त्यांना न विचारता ते लिहिणं तिला चोरी वाटत होतं. भूपेंद्रला ती सांगणार होती, पण तो नको म्हणेल हे ठाऊक होतं. म्हणून सांगितलं नाही. तिथेच चूक झाली.

सुंदरबाई दारात डाळ निवडत होत्या. दिपमालाने पाया पडून डबा पुढे केला. बाईंनी बोराचा गोळा चाखला, जिभेवर घोळवला.

"पीठ चांगलं मळेल शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. एवढं प्रमाणपत्र दिपमालाला सिंगापुरातही मिळालं नव्हतं.

"अक्का, मी मांड्यांचा एक पदार्थ करतेय धुळ्याला. तुमचं नाव लिहू का?"

"मांडा तुले कोनी शिकाडा?"

दिपमालाच्या तोंडून खोटं निघेना. "भूपेंद्रांनी."

डाळीवरचा हात थांबला. बाईंनी डाळ बाजूला सारली. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "पस्तीस वरीस मी धूर खादा. लोकेसना लगीनमा मागला दारथून गऊ, मागला दारथून उनू. कसाकरता? मन्हा पोऱ्यानी पुढला दारथून जावाले पाहिजे म्हनीसन. त्याले तू परत खापरमोरे बसाडस?"

"त्यांनी फक्त शिकवलं, अक्का. बसणार मीच आहे."

"मन्हं नाव लिख. मन्हं नाव काही चोरीनं नई शे. पन मन्हा पोऱ्यानं नाव तठे दिसाले नको." त्यांनी रिकामा डबा पुसून परत दिला. "खाऊ चांगला शे. आते जाय तू."

दोन दिवसांनी संध्याकाळी भूपेंद्रचा फोन आला. त्याचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता.

"मला विचारायला हवं होतं तुम्ही."

"मांडा तुमचा नव्हता, त्यांचा होता. ज्यांचा त्यांना विचारलं. ते चुकलं नाही." दिपमालाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण तुमचं नाव मी सांगायला नको होतं. ते चुकलं. त्याची माफी मागते."



"आई दोन दिवस बोलली नाहीये माझ्याशी," तो म्हणाला. "आणि मला राग आईचा येत नाहीये, तुमचाही येत नाहीये. माझाच येतोय. मला… थोडे दिवस द्या."

त्यानंतर बारा दिवस फोन नाही. मधल्या रविवारी दीपनगरच्या अंगणात दिपमाला एकटीच मांडे झुलवत राहिली. पंदनच्या कुंडीत एक नवं पान आलं होतं, ते तिला कुणाला तरी सांगायचं होतं. नाना एकदा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "दिपू, मांडे रद्द कर. बाकीचे चार पदार्थ आहेत की."

"नाव लिहिलंय नाना. पत्रक सगळीकडे गेलंय. नाव लिहून मागे कसं हटायचं?"

*

देवपुरात एका चित्रकलेच्या वर्गाचं मोठं अंगण होतं. रविवारी सकाळी थंडी कडक होती. अकराला लोक येणार होते. तीन केक, प्रत्येकी पंधरा थर. पंचेचाळीस मांडे हवे होते. नाना चूल फुंकत होते. साडेदहापर्यंत दिपमालाचे चौदा झाले, त्यातले सहा धड.

फाटकाशी रिक्षा थांबली. आधी एक पिशवी उतरली, तिच्यात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं खापर. मग सुंदरबाई उतरल्या. त्यांच्या मागून भूपेंद्र. तो फाटकापाशीच उभा राहिला, जणू तिथवरचीच परवानगी होती.

सुंदरबाई सरळ चुलीपाशी आल्या. दिपमालाने केलेला मांडा त्यांनी उचलून उन्हासमोर धरला.

"येम्हाईन तुले काय दिसस?"

"काही नाही, अक्का."

"मंग हाऊ मांडा नई. रोट शे." त्यांनी तो खाली ठेवला. "शेजारनी धुरपदाबाईनी मोबाइलमा दाखाडं. मन्हं नाव इतलं मोठं लिखेल. आनि मन्हा नावे रोट खपाडस? सरक."

आणि त्या बसल्या. पहिला मांडा असा गेला की फाटकाशी जमू लागलेले लोक आपसूक आत आले. दुसराही. तिसऱ्याला मनगट थरथरलं. चौथा हातावरून घसरून राखेत पडला.

 सुंदरबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं, उलटे, सुलटे. मग समोर पाहिलं. साठ-सत्तर माणसं होती. चांगल्या कपड्यांतली, शिकलेली, लहानमोठी. आणि ती सगळी पुढल्या दाराने येऊन एका खापरासमोर हात बांधून उभी होती. भिंतीवरच्या पत्रकावर सर्वांत वर त्यांचं नाव होतं. त्या ते वाचू शकत नव्हत्या, पण कुठे आहे ते धुरपदाबाईंनी बोट लावून दाखवलं होतं. त्या जागेकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं.

"भूपेंद्र," त्यांनी हाक मारली. "आठे ये. बस."

"आई… इथे? बाहेर?"

"मंग काय पडदा लावू? बस. मन्हा हात चालत नई, तुन्हा चालस. हात तर मन्हाच शे तो."

रांगेत त्याच्या कार्यालयातली तीन माणसं होती. भूपेंद्रने घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या दुमडल्या. ओंजळभर पीठ घेताना त्याने एकदाच दिपमालाकडे पाहिलं. बारा दिवसांचं सगळं त्या एका नजरेत होतं आणि त्यात राग कुठेच नव्हता.

मग मांडा उघडला. हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात तो त्याच्या दोन्ही हातांवर पसरत गेला, पसरत गेला, इतका की त्यातून मागचा पिवळा झेंडू दिसू लागला. अंगणात कुणीतरी श्वास सोडल्याचा आवाज झाला.

"अरे भूपेंद्र, हे तुम्हाला येतं?" त्याचे साहेब, मानसिंग सर, रांग सोडून पुढे आले होते.

"हो, सर." त्याने मान खाली घातली नाही. "माझ्या आईची विद्या आहे. ही बसलीय ती."

साहेबांनी सुंदरबाईंना वाकून नमस्कार केला. बाई गडबडल्या. पदर सावरत, काहीतरी बोलायला हवं म्हणून मोबाइल पुढे करणाऱ्या एका मुलीला म्हणाल्या, "तोंडवर नको धरू बेटा. हातवर धर. काम हातमा शे."

दिपमाला थर लावू लागली. मांडा, त्यावर नारळाच्या दुधात घोटलेलं पुरण, परत मांडा. रावेरच्या केळ्याचे पातळ काप. भूपेंद्र टाकायचा, ती उचलायची. दोघांत एक शब्द नव्हता आणि एकदाही हात आडवा आला नाही. पहिला केक कापला तेव्हा सुरीखाली पंधरा रेघा स्वच्छ दिसल्या. पहिला तुकडा तिने सुंदरबाईंना दिला. त्यांनी तो उजेडाला धरला, सगळ्या बाजूंनी तपासला, मग खाल्ला.

"हाई काय शे? वास येस तो?"

"पंदन. पाहुणा आहे, अक्का. लांबून आलाय."

"चांगला शे," सुंदरबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे त्याले."

*

दीड वाजता सगळं संपलं. अंगणामागच्या नळावर भूपेंद्र कोपरापर्यंत हात धूत होता. दिपमाला पातेली घेऊन आली. आली म्हणजे पातेली निमित्ताला होती.

"कशा काय तयार झाल्या त्या?" तिने विचारलं.

"मी काल सांगितलं तिला. म्हटलं, तुझं नाव घेऊन ती एकटी उभी राहणार आहे आणि मी घरात बसणार आहे. तू मला पुढच्या दाराने जायला शिकवलंस ना? मग मला त्या दाराने जाऊ दे. रात्रभर बोलली नाही. सकाळी उठून बघतो तर खापर बांधून तयार."

"आणि मला कळवलं नाहीत."

"काय कळवणार? रिक्षात बसेपर्यंत मला तरी कुठे माहीत होतं ती काय करणार आहे ते." त्याने नळ बंद केला. हात पुसायचे विसरला, तसाच उभा राहिला. "दिपमाला…"

त्याने पहिल्यांदाच तिला नुसत्या नावाने हाक मारली होती.

"पुढच्या महिन्यात मला बसायचंय. त्याच्या पुढच्याही."

"बसा की. मला माणूस हवाच आहे."

"आणि ज्या रविवारी काही नसतं… त्या रविवारीही."

"ज्या रविवारी काही नसतं त्या दिवशी मी चहा-खारी खाते आणि केसांना तेल लावून बसते."

"चालेल."

"वैतागलेली असते."

"चालेल म्हटलं ना." तो हसला. "मला नीट बोलता येत नाही. त्या दिवशी पडदा बाजूला झाला आणि मांडा फाटला… तेव्हापासून माझं लक्ष कशातच नाही. मला तू आवडतेस. तुझं काम आवडतं. तू मान वर करून उभी राहतेस ना, ते सगळ्यांत आवडतं. तुझ्या शेजारी तसं उभं राहायचंय मला."

दिपमालाने पातेली खाली ठेवली.  

"बारा दिवस फोन केला नाहीस," ती म्हणाली. "मी रोज पीठ तिंबताना ठरवायचे की हा माणूस आला की याच्याशी बोलायचं नाही. आणि आज फाटकात दिसलास तर पहिलं काय वाटलं माहितीये? की आता माझा मांडा फाटणार."

"फाटला?"

"हातात नव्हता म्हणून वाचला." तिने त्याचा ओला हात धरला. "हो, भूपेंद्र. सगळे रविवार."

दोघं तसेच अंगणात आले. हात सोडायचा दोघांच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि सोडला नाही. नानांनी पाहिलं आणि या वेळी तोंड लपवायला त्यांच्याजवळ वर्तमानपत्र नव्हतं.

सुंदरबाई दोन कॉलेजच्या मुलींना पीठ किती वेळ तिंबायचं ते सांगत होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, "आजी, तो मांडे करणारा दादा कोण?"

सुंदरबाईंनी वळून पाहिलं. मुलाकडे, मग त्याच्या हातातल्या हाताकडे. कपाळावरची राख त्यांनी पदराने पुसली आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"तो मन्हा पोऱ्या शे. आनि ती बी मन्हीच."

मग मुलींकडे वळल्या. "हां. तर पानी एकदम टाकानं नई."